सहाव्या झेंड्याचा पंचनामा

हातकणंगले तालुक्यातली निम्मी रानं माझ्या वडिलांनी मोजली. त्यात आमचा एक वाफासुद्धा नव्हता.

आण्णा सरकारी मोजणीच्या कामावर रोजंदारीनं जायचे. साखळी ओढायची, खुंट्या ठोकायच्या, आणि साहेब तिवईवरच्या फळीवरून नेम धरेपर्यंत काठीला लावलेला झेंडा घेऊन उन्हात उभं राहायचं. मोजणीला गेलं की शेतकरी साहेबाला कपबशीतनं चहा द्यायचा. आण्णांचा कप गोठ्याच्या वळचणीला वेगळा ठेवलेला असायचा. तो त्यांनीच काढायचा, त्यांनीच विसळायचा, परत तिथंच ठेवायचा. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला, तण काढायला जायची. मोजणी नसेल त्या दिवशी आमची चूल उशिरा पेटायची. नववीपर्यंत माझ्या पायात चप्पल नव्हती. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढं मला जंगलात पळायचं होतं, त्याची ती तयारी झाली.

नकाशा मात्र कायम साहेबाच्या हातात. एकदा आण्णांनी वाकून बघितलं, तर साहेबानं घडी घातली आणि म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" आण्णांनी घरी येऊन हे हसत सांगितलं. आई हसली नाही. मी तेव्हा पाचवीत होते. मी पण हसले नाही.

पुढं मी भूगोल घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली, आणि पेठ वडगावातल्या आमच्या गल्लीतली पहिली मुलगी. एम.ए.ला कोल्हापूरला नाव घातलं आणि त्याच वर्षी कॉलेजच्या जिमखान्यात एक पत्र आलं.

पत्र

पत्र हिमाचलातनं होतं. तिथल्या एका डोंगरगावी तीन दिवसांचा ओरिएंटीअरिंगचा महोत्सव भरणार होता आणि मुलींचे संघ हवे होते. आमच्या घाटगे सरांनी, म्हणजे खेळाच्या सरांनी, पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाले, "पळायचं हाय आणि झाडं हायत. म्हंजे खो-खोच की."

म्हणून त्यांनी पहिलं नाव रेश्माचं घातलं. रेश्मा कुरुंदवाडची, विद्यापीठाच्या खो-खो संघात खेळलेली. तिचे अब्बा शिंपीकाम करतात. दुसरं नाव माझं, कारण पत्रात नकाशा हा शब्द सात वेळा आला होता आणि जिमखान्याच्या आसपास भूगोलवाली मी एकटीच दिसत होते.

खेळ सोपा आहे, सांगून ठेवते. हातात नकाशा आणि होकायंत्र देतात. जंगलात ठिकठिकाणी खुंट्यांना छोटे झेंडे लावलेले असतात. नकाशावर त्यांच्या जागा गोलांनी दाखवलेल्या असतात. एकेकटं सुटायचं, क्रमानं प्रत्येक झेंडा हुडकायचा, तिथं दोरीला बांधलेल्या चिमट्यानं आपल्या कार्डावर भोकं पाडायची आणि परत यायचं. प्रत्येक चिमट्याची नक्षी वेगळी, म्हणून फसवता येत नाही. जो लवकर येईल तो पहिला. वेळेत न येणारा, एखादा झेंडा चुकवणारा, किंवा कुणाची मदत घेणारा बाद.

सरावासाठी सरांनी वडगावच्या शिवारात बारा ठिकाणी लाल-पांढरे झेंडे लावले. सकाळी आठला लावले. नऊला शिवारात बातमी पसरली की सरकारी रस्ता रानातनं जाणार. साडेनऊला दोन सख्खे भाऊ बांधावर एकमेकांची गचुरी धरून उभे होते, कारण चौथा झेंडा बरोबर बांधावर होता. मी होकायंत्र धरून उसातनं बाहेर आले तर थोरला म्हणाला, "आल्या बघा मोजणीच्या बाई. बाई, खरं सांगा, झेंडा कुणाच्या हद्दीत हाय?"

मी म्हटलं, "मी खेळायला आलेय."

"आमच्या रानाशी खेळताय व्हय?"

शेवटी आण्णांना बोलवावं लागलं. त्यांनी बांध बघितला, झेंडा बघितला आणि दोघांना सांगितलं, "झेंडा हालला तरी हद्द हालत न्हाई. घरला जावा." दोघं गेले. त्यांचं ऐकून कुणी गप घरी गेलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. सराव तिथंच संपला.

निघायच्या आदल्या दिवशी आण्णा म्हणाले, "जंगलातला नकाशा परत घेत्यात का ठेवून देत्यात?"

"आपल्याला ठेवायला देतात, आण्णा."

"मग घरी आण. मला बघायचाय." वर म्हणाले, "पर पुरा केलेला आण. अर्धी मोजणी म्हंजी न केलेली मोजणी. तसला कागद घरात नको."

आणि त्यांनी मोजणीच्या जुन्या साखळीची एक तुटलेली लोखंडी कडी माझ्या हातात दिली. शकुनाची म्हणून.

जाणं

आगगाडीचं सांगण्यासारखं काही नाही. बसून बसून माणूस दमतो एवढं कळलं. रेश्माच्या अब्बांनी आम्हा दोघींना पळायच्या विजारी शिवून दिल्या होत्या आणि जंगल आहे म्हणून प्रत्येकीला आठ खिसे ठेवले होते. रेश्मानं सहा खिशांत भडंग भरलं. दिल्लीपर्यंत दोन रिकामे झाले.

डोंगरगाव बघून मात्र तोंडात बोट गेलं. आमच्याकडं जोतिबाचा डोंगर म्हणजे डोंगर. इथं तेवढ्या उंचीला लोक उतार म्हणतात. देवदारांची झाडं इतकी सरळ, की घाटगे सर म्हणाले, "कुणीतरी ओळंबा लावून उभी केल्यात." मुक्काम एका शाळेत होता. जेवायला राजमा आणि भात. राजमा चांगला होता, पण त्यात तिखट नावाला नव्हतं. सरांनी आमची शेंगदाण्याची चटणी काढली आणि प्रेमानं आचाऱ्याला चिमूटभर दिली. आचारी बराच वेळ नळापाशी उभा होता. नंतर तीन दिवस तो आम्हाला वाढताना लांब हात करून वाढायचा.

बाकीच्या मुली बघितल्या. एकसारखे कपडे, अंगठ्याला बांधायची होकायंत्रं, जिभेवर इंग्रजी. आमचं होकायंत्र भूगोल विभागाचं, पितळी, लाकडी पेटीसकट.

स्पर्धेचे मुख्य एक रिटायर्ड कर्नलसाहेब होते. पांढऱ्या मिशा, आवाज हळू. त्यांनी नियम वाचले. मुलींच्या गटात आम्ही चौतीस जणी. ज्या पुरं करतील त्यांच्या नावापुढं वेळ लागणार. बाकीच्यांच्या नावापुढं 'बाद'. मी मनाशी म्हटलं, नंबर गेला उडत. तीन दिवसांत एकदा माझ्या नावापुढं वेळ लागली पाहिजे. त्याशिवाय नकाशा घरी नेता येत नाही.

पहिला दिवस

सुटले आणि दहा मिनिटांत चुकले. नकाशात ओढा डावीकडं, जंगलात उजवीकडं. पायवाटेवर एक म्हातारे बाबा गवत कापत बसले होते. आता आमच्याकडची रीत अशी, की वाटेवर माणूस बसला असेल आणि तुम्ही वाट न विचारता गेलात, तर तो अपमान असतो. आणि ज्याला विचारलं तो हात करून दाखवत नाही, तो पोचवतो. मदत घ्यायची नाही हा नियम मी वाचला होता. पण म्हाताऱ्या माणसाला रामराम करून विचारणं म्हणजे मदत, हे डोक्यातच आलं नाही.

मी माझ्या हिंदीत विचारलं, "बाबाजी, इधर कहीं झंडा देखा क्या?"

त्यांनी विळा खाली ठेवला. चेहरा असा उजळला, की मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाले, "कौन-सा? सारे मैंने ही तो गाड़े हैं."

गेले आठ दिवस साहेब लोकांबरोबर डोंगरभर हिंडून सगळ्या खुंट्या त्यांनी ठोकल्या होत्या. साहेब नकाशा बघायचे, बाबा ठोकायचे. आणि सकाळपासून शंभरभर माणसं त्यांच्या समोरून पळत गेली होती, पण कुणी त्यांना एक शब्द विचारला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर आण्णा उभे राहिले. या माणसाला मी काय 'नको' म्हणणार?

बाबा पुढं, मी मागं. एक झेंडा, दोन झेंडे, तीन झेंडे. प्रत्येक ठिकाणी ते थांबायचे, खुंटी हलवून बघायचे आणि म्हणायचे, "पक्का है ना?" मी म्हणायची, "एकदम पक्का." चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये त्यांचं घर लागलं. त्यांच्या मंडळींनी चहा दिला. एकाच किटलीतनं, घरातल्याच पेल्यात, ज्यात बाबांना दिला तसल्याच. मी पेला विसळायला उठले तर आजींनी हातातनं काढून घेतला आणि म्हणाल्या, "मेहमान हो." मी परत खाली बसले. त्यांची एक काळी बकरी होती, ती रेश्मानं माझ्या खिशात भरलेलं भडंग खात होती. तेही मी खाऊ दिलं.

सातव्या झेंड्यापाशी पंच बसला होता. त्यानं बाबांना बघितलं, मला बघितलं. "यह कौन है?"

"बाबाजी," मी म्हटलं. "झेंडे इन्होंने लगाये है."

बाद.

संध्याकाळी घाटगे सर म्हणाले, "तू मोजणी कामगारालाच घिऊन फिरलीस? आगं, पेपर काढणाऱ्या मास्तरला वर्गात घिऊन बसल्यागत झालं की ते." रेश्मा पण बाद होती. ती सवयीनं प्रत्येक झाडाला वळसा घालून पळाली होती आणि दोन झेंडे वळशात राहिले होते. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "पळायला मज्जा आली की," म्हणाली.

दुसरा दिवस

आज कुणाशी बोलायचं नाही, कुणाकडं बघायचं नाही, फक्त होकायंत्र. मी तसंच केलं. काटा सांगेल तिकडं गेले. काटा दरी म्हणाला, दरी उतरले. काटा चढ म्हणाला, चढले. तासाभरात झेंडे सोडा, जंगलच संपलं. समोर एक गाव आलं, गावात लग्न होतं, आणि वऱ्हाडातल्या बायकांनी मला नवरीकडची पाहुणी समजून पंगतीत बसवलं. मी पेटी उघडून काटा परत बघितला. उत्तर दिशा मांडवाच्या आचाऱ्याकडं होती. मी वळले, काटा माझ्याबरोबर वळला.

तेव्हा ध्यानात आलं. उजव्या खिशात आण्णांची लोखंडी कडी होती आणि त्याच खिशाला टेकवून मी होकायंत्र धरत होते. काटा कालपासून उत्तरेला नव्हता बघत. तो आण्णांच्या साखळीकडं बघत होता. बी.ए. भूगोल, प्रथम श्रेणी.

परत पोचेपर्यंत तीन तासांची वेळ टळून गेली होती. बाद. फळ्यावर माझ्या नावापुढं दोन फुल्या झाल्या. कर्नलसाहेब शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, कुठं गेला होतात? मी म्हटलं, लग्नाला.

रात्रीच्या जेवणाला सरांनी कडी मागून घेतली, रुमालात बांधली आणि खिशात टाकली. "उद्या ही माज्यापाशी. तुज्या आण्णांस्नी काय सांगायचं ते मी सांगीन."

"काय सांगाल?"

सरांनी विचार केला. "न्हाई, तूच सांग."

तिसरा दिवस

नऊ झेंडे. पहिले पाच मी स्वतः हुडकले. कुणाला विचारलं नाही, वऱ्हाडात गेले नाही. काटा आता शहाण्यासारखा वागत होता. पावलं मोजायची सवय मला आण्णांकडनं लागलेली. ते साखळी नसली तरी पावलांनी रान मोजायचे आणि हातभराची चूक व्हायची नाही. सहाव्या झेंड्याची जागा नकाशात साफ होती: ओढ्याच्या वळणावर, मोठ्या धोंड्याच्या पूर्वेला. मी वळणावर आले. धोंडा होता. झेंडा नव्हता.

मग झेंडा दिसला. समोरच्या उतारावर, दोनशे पावलांवर. तो चालत होता.

बाबांची काळी बकरी होती ती. खुंटीवरच्या झेंड्यात तिनं शिंगं घातली असणार, आणि आता झेंडा डोक्यावर, चिमटा गळ्यापाशी लोंबतोय, अशी ती चढ चढत होती. तिच्या मागं पाच मुली, आणि सगळ्यांत पुढं आमची रेश्मा. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा खो-खो कामी आला. बकरीनं हूल दिली, रेश्मानं तिच्या दुप्पट हूल दिली आणि सूर मारून बकरी धरली. मग सगळ्या रांगेनं उभ्या राहिल्या. एकेकीनं बकरीच्या गळ्यातल्या चिमट्यानं कार्ड टोचलं आणि पुढं पळाली.

"संगे," रेश्मा वरनं ओरडली, "ये लवकर. मी धरल्या. लय ओढतीया."

मी एक पाऊल पुढं टाकलं. माझ्या नावापुढं दोन फुल्या होत्या. बकरी वर होती, चिमटा वर होता, पळत गेले तर दोन मिनिटांचं काम. पण पायच उचलेना. झेंडा हालला तरी हद्द हालत न्हाई. सहावी जागा धोंड्यापाशी होती, बकरीपाशी नव्हती.

मी धोंड्याच्या पूर्वेला गवत सारून बघितलं. चार बोटं रुंद, वीतभर खोल भोक सापडलं. खुंटीचं. माती ओली होती. बरोबर हीच जागा.

आता टोचायला चिमटा नाही. मग आमच्याकडं हद्दीचा दगड गायब झाला की काय करतात? पंचनामा करतात. मी धोंड्यावर बसले, झेंड्यांची माहिती दिलेला कागद उलटा केला आणि लिहायला घेतलं: "आज रोजी समक्ष पाहणी केली असता, ओढ्याच्या वळणावरील धोंड्याच्या पूर्वेस खुंटीचे भोक मिळून आले. खुंटी व झेंडा जागेवर नाही. सदर झेंडा काळ्या रंगाच्या बकरीच्या शिंगास अडकलेला असून बकरी चढाकडे निघून गेली आहे." चतुःसीमा लिहिल्या. पूर्वेस देवदार, पश्चिमेस धोंडा, दक्षिणेस ओढा, उत्तरेस बकरी. उत्तर खोडावी लागली, कारण बकरी एका जागी थांबेना.

तेवढ्यात बकरीला हाका मारत बाबा आले. मी त्यांना काही विचारलं नाही, शिकले होते. फक्त भोक दाखवून साक्ष मागितली. त्यांनी भोकात बोट घातलं आणि म्हणाले, "मेरा ही है." सही येत नव्हती. माझ्या लाल पेनाची शाई अंगठ्याला फासून त्यांनी अंगठा उठवला. पंच दोन लागतात, म्हणून मी रेश्माला हाक मारली. तिनं बकरी बाबांच्या हवाली केली, कागद वाचला आणि माझ्याकडं बघत बसली.

"संगे, सगळ्या पुढं गेल्या. आणि तू बकरीचा पंचनामा लिवत बसल्यास?"

"सही कर."

"ह्यात मी बकरी धरली ते लिव की मग. येवढी पळालेय."

ते लिहिलं. तिनं सही केली. अकरा मिनिटं गेली. मग पुढचे तीन झेंडे मी असे पळाले, की आठही खिशांतलं जे काय होतं ते रानात सांडलं.

निकाल

टेबलावरच्या कारकुनानं माझं कार्ड बघितलं. सहावं घर रिकामं. त्यानं लाल पेन उचललं. मी पंचनामा पुढं केला. त्यानं तो उलटा धरला, सुलटा धरला, आणि कर्नलसाहेबांना बोलावलं.

"यह क्या है?"

घाटगे सर पुढं आले आणि तो कागद त्यांनी हिंदीत वाचून दाखवला, लाउडस्पीकरशिवाय, पण सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. बकरीपाशी आल्यावर पाच मुली आपल्या बुटांकडं बघायला लागल्या. बकरीचं कुणीच काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या कार्डावर नक्षी बरोबर होती.

कर्नलसाहेबांनी हळू आवाजात विचारलं, "बकरीवर कार्ड कुणी कुणी टोचलं?"

सगळ्यांत आधी हात रेश्मानं वर केला. "मैंने पकडी थी," तिनं सांगितलं. "दो बार टोचा. पहिला बराबर नहीं उठा था."

मग बाकीचे हात वर आले.

साहेब एका माणसाला घेऊन स्वतः धोंड्यापर्यंत गेले. अर्ध्या तासानं परत आले, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना माती होती. म्हणाले, झेंडा जागेवर ठेवणं आमचं काम होतं, मुलींचं नाही. सहावा सगळ्यांसाठी रद्द. बाकीचे आठ ज्यांचे बरोबर, त्या सगळ्या पुऱ्या. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "बेटी, तू पण बकरीकडं का नाही गेलीस?"

मी सांगितलं, माझे वडील झेंडा धरतात.

पंचनामा फाइलला लावायला त्यांनी कारकुनाकडं दिला. मी जागची हलले नाही. कारकून म्हणाला, अब क्या? मी म्हटलं, नक्कल. आमच्याकडं मूळ कागद दिला की नक्कल घेतल्याशिवाय कुणी कचेरीची पायरी उतरत नाही. झेरॉक्स गावात नव्हतं. बिचाऱ्यानं मराठीतला सगळा पंचनामा हातानं उतरवून काढला. शेवटी बकरीपाशी आल्यावर त्यालाही हसू आवरेना.

आण्णांनी नकाशा घरी आल्यावर दिवसाउजेडी, उंबऱ्यात बसून बघितला. अक्षर त्यांना येत नाही. पण बोट ओढ्यावरनं निघालं, वळणावर आलं आणि धोंड्याच्या पूर्वेला थांबलं. "इथं व्हय?" म्हणाले.

"इथंच."

"पुरी झाली मोजणी?"

"झाली, आण्णा."

त्यांनी नकाशाची घडी घातली नाही. भिंतीवर चार खिळे मारून लावला.

चौतीस मुलींत माझा एकोणतिसावा नंबर आला. नावापुढं दोन तास एकेचाळीस मिनिटं अशी वेळ लिहिलेली आहे.